बसमध्ये दिसलं, आणि मी गप्प बसलो

घाटमाथा
परवा संध्याकाळी साडेसहाची बस. पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी, मी मधल्या दांड्याला लटकलेलो. माझ्या पुढे दोन माणसं सोडून कॉलेजातली एक मुलगी उभी होती आणि तिच्या मागे पन्नाशीचा एक गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग, बॅगेतून डब्याची पिशवी डोकावतेय. तुमच्याआमच्यातलाच माणूस.

मुलगी थोडी पुढे सरकली. तोही सरकला. ती तिरकी झाली, तोही झाला. तिसऱ्यांदा तिने सॅक पाठीवरून काढून मध्ये धरली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याआधीची पाच मिनिटं मी हे बघत होतो, पण मला ते दिसत नव्हतं.

उजेड पडल्यावरही मी काही केलं नाही. बोलू का, काय बोलू, माझी चूक असली तर, असं करत दोन स्टॉप गेले आणि मुलगी उतरली. तो स्टॉप तिचा नसावा असं मला वाटलं, कारण उतरून ती तिथेच पुढच्या बसची वाट बघत उभी राहिली.

घरी बहिणीला सांगितलं तर म्हणाली, "नशीब, तुला पस्तिसाव्या वर्षी तरी दिसलं." तर इथल्या ताईमाईंना विचारतो. अशा वेळी बघणाऱ्याने नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं? कानफटात मारायचा सल्ला देणारे खूप भेटतील, तो सोडून.

कैरीफोड
मध्ये येऊन उभं राहायचं. बस्स. एक शब्द नको.

चहाटळ
एवढ्या गर्दीत मध्ये येऊन उभा राहणारा माणूस मिळाला तर त्याला आधी सर्कशीत पाठवावं.

कैरीफोड
@चहाटळ, त्याला जागा मिळते तर तुम्हाला का नाही मिळणार? तो काय हवेतून येतो?

मोरपंखी
अठ्ठावीस वर्षं डोंबिवली-सीएसटी केलं, आता निवृत्त आहे. (सीएसएमटी म्हणायची सवय लागायच्या आत पास बंद झाला.) त्यामुळे लिहायचा हक्क आहे असं समजते.

घाटमाथा, तुम्हाला पाच मिनिटं दिसलं नाही म्हणता ना, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जिच्या अंगाला हात लागतो तिलाही पहिली दोन मिनिटं ते खरं वाटत नाही. गर्दीच आहे, चुकून लागला असेल, त्याला तरी कुठे जागा आहे, अशी वकिली आपणच त्याच्या वतीने करतो. माझ्या पहिल्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. लेडीज डबा सुटला म्हणून घाईत जनरलमध्ये चढले. घाटकोपर ते दादर मी त्या माणसाची वकिली करत होते. दादरला उतरले आणि पुलाच्या पायऱ्यांवर एकदम घाम फुटला.

पुढे फरक कळायला लागला. धक्का ब्रेकबरोबर येतो आणि ब्रेकबरोबर जातो. हात ब्रेक लागायच्या आधी येतो आणि गाडी सरळ चालायला लागली तरी तिथेच असतो. खऱ्या गर्दीत चेपलेला माणूस स्वतःच अवघडलेला असतो, हात वर करून दांडीला धरतो, मान फिरवतो, "सॉरी हं" म्हणतो. दुसरा खिडकीबाहेर बघत असतो. इतक्या एकाग्रतेने कुर्ला-विद्याविहारची झोपडपट्टी बघणारा माणूस मला आजवर सरळ भेटलेला नाही.

बघणाऱ्याचं काय, तर माझ्या बाबतीत दोनदाच कोणी काही केलं. एकदा एका भाजीवाल्या मावशींनी त्याची गचांडी धरली. दुसऱ्यांदा एका पोरसवदा मुलाने मला विचारलं, "मॅडम, ठाणा आलं का?" ठाणं यायला अजून चार स्टेशनं होती. विचारता विचारता तो आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि ठाण्यापर्यंत हलला नाही. आजही मला तो मुलगा आठवतो. मावशींची गचांडी भारीच होती, पण त्यानंतर अख्खा डबा माझ्याकडे बघत होता आणि मला ते नको होतं.

स्लो लोकल
मोरपंखीताई, दंडवत. ब्रेकचं वाक्य घरात लिहून लावतो.

निवांत बापू
सगळं मान्य. पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. मी रोज लोकलने जातो. गर्दीच्या वेळी एकेका गाडीत हजारो माणसं कोंबलेली असतात, रेल्वेने त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव दिलंय, म्हणजे एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं. यात कोणाचा हात कुठे आहे हे हाताच्या मालकालाही माहीत नसतं. मी तर दोन्ही हात वर करून उभा राहतो, पोलिसांनी पकडल्यासारखा. उद्या कोणी माझ्याकडे बोट दाखवलं तर डबा आधी मारेल, मग विचारेल. त्यामुळे घाटमाथा गप्प बसले यात मला तरी चूक दिसत नाही.

कैरीफोड
बापू, तुम्ही हात वर करून उभे राहता म्हणजे तुम्हाला सगळं कळतं. मग प्रश्न कुठे उरला?

दुधीभोपळा
डबा मारतो? कुठल्या डब्यात? मी आयुष्यात तीन वेळा ओरडले. पहिल्यांदा लोक म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, वयस्कर आहेत." दुसऱ्यांदा, "एवढं वाटतं तर लेडीजमध्ये जायचं." तिसऱ्यांदा कोणी काहीच म्हणालं नाही, सगळे मोबाइलमध्ये. मारामारी बघायला मी अजून थांबलेय.

निवांत बापू
@दुधीभोपळा, तुमचे अनुभव वाईट आहेत, खोटे म्हणत नाही. मी भीती सांगितली एवढंच.

दुधीभोपळा
भीती आम्हालाही आहे बापू. फक्त तुमची भीती म्हणजे होऊ शकतं, आणि आमची म्हणजे मंगळवारी झालं.

आज्जीचा बटवा
आमच्या काळी करकटक असायचं. कंपासपेटीतल्या बाकीच्या वस्तू हरवल्या तरी करकटक हरवलं नाही. 1974 च्या सुमारास मी तालुक्याच्या शाळेत एसटीने जायचे. आईने स्वतः सांगून ठेवलं होतं, पोरी, टोक वर करून मुठीत धर. का ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे आईनेच कधीतरी सांगितलं की तिच्या वेळी आकड्याची पिन असायची, पदराला लावायची आणि वेळ पडली तर काढायची. नऊवारी नेसणारी, डोक्यावरून पदर घेणारी बाई माझी आई. कपड्यांचा मुद्दा कोणी काढायच्या आत सांगून ठेवते.

मी लेकीला सेफ्टी पिन दिली. नातीला काय देऊ? परवा तिने विचारलं, आजी, पेपर स्प्रे घेऊ का? तिला म्हटलं, बंद बसमध्ये मारलास तर तुलाही शिंका येतील.

चहाटळ
करकटक, आकडा, पिन, स्प्रे. चार पिढ्यांचं शस्त्रागार झालं. संग्रहालय काढू या.

अवांतरवाला
अवांतर: पूर्वी अमेरिकेत बायका टोपी केसात अडकवायला भल्या लांब पिना वापरायच्या. ट्राममध्ये कोणी अंगचटीला आलं की तीच पिन टोचायच्या. त्यावर पुरुषांनीच इतका गहजब केला की शिकागोत 1910 साली नऊ इंचांपेक्षा लांब पिन वापरायला बंदी आली. अंगचटीला यायला बंदी आली का, विचारू नका.

काळा कोट
कायद्याचं थोडं, कारण अशा धाग्यावर कोणीतरी चुकीचं लिहितंच.

पूर्वीचं भा.दं.वि. 354 आता भारतीय न्याय संहितेत कलम 74 आहे, 1 जुलै 2024 पासून. विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर, शिक्षा किमान एक वर्ष, कमाल पाच. दखलपात्र आणि अजामीनपात्र. नको असलेली शारीरिक लगट आणि अश्लील शेरेबाजी 75 मध्ये, शब्द आणि हावभाव 79 मध्ये. हद्द आमची नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. लोकलमध्ये ही अडचण नेहमी येते, कारण घटना दोन स्टेशनांच्या मध्ये घडते आणि बाई तिसऱ्या स्टेशनला उतरते. रेल्वेसाठी 139, इतरत्र 112.

"कपड्यांवरूनच लागला ना" हेही ऐकू येतं. अल्पवयीन मुलीच्या एका खटल्यात जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा असा अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 ला तो रद्द केला. हेतू बघायचा, कापड नाही.

आता घाटमाथा, तुमच्यासाठी. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात तेव्हा कलमं कमी पडत नाहीत, साक्षीदार कमी पडतो. भरलेल्या बसमध्ये ऐंशी माणसं होती आणि कागदावर एकही नाही. तुम्ही तिच्या मागोमाग उतरून त्या मुलीला एवढंच म्हणाला असता, "ताई, मी बघितलं, तक्रार करायची असेल तर माझा नंबर घ्या," तरी पुष्कळ होतं. तिने घेतला नसता तरी.

दुधीभोपळा
काळा कोट, वाचायला छान वाटतं. मी एकदा गेले होते तक्रार द्यायला. कुठे ते लिहीत नाही. तीन तास बसवलं. माणूस तोपर्यंत घरी जाऊन जेवला असेल. "चेहरा सांगा." "मागे होता हो, चेहरा कसा दिसणार?" "मग कोणावर टाकायचं?" शेवटी एक महिला हवालदार आल्या, त्यांनी पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, पुढच्या वेळी मनगट धरून ठेव, सोडू नको, आरडाओरडा कर, गाडी थांबली की आम्ही आहोत. त्या बाईंचा राग नाही आला. पण मनगट धरायचं म्हणजे त्याला अजून हात लावायचा, हे त्यांना कळलं असेल का माहीत नाही.

काळा कोट
खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पंचमास्तर
मी एका शहराच्या बसवर एकतीस वर्षं कंडक्टर होतो. वाचत होतो, राहवेना.

आम्हाला सगळं दिसतं. मागून पुढे तिकीट फाडत जाताना कोण कुठे उभा आहे आणि बस रिकामी झाल्यावरही कोण तिथेच चिकटून आहे, हे पंचाच्या टिकटिकीबरोबर कळतं. नेहमीचे तर चेहऱ्यानिशी ठाऊक असतात. कॉलेज सुटायच्या वेळेला चढायचे, कॉलेजच्या पोरी उतरल्या की उतरायचे. पास काढलेला असायचा त्यांचा, काय सांगू.

कोणी ओरडलं तर बस थेट चौकीला घ्यायची, हा नियम आम्हाला पाठ. दोनदा घेतली. दोन्ही वेळेला बसमधले लोक माझ्यावर तुटून पडले. आमची गाडी चुकेल, आमचा लेटमार्क लागेल, तुमचं काय ते नंतर बघा. एका वेळेला तर ती पोरगीच म्हणाली, जाऊ द्या मास्तर, चला. रडत म्हणाली. मी डबल बेल दिली आणि गाडी सुटली. त्यावर अजून माझं मन खातं.

बाकीच्या वेळी माझी युक्ती वेगळी. लांबूनच मोठ्याने, "ओ पाहुणे, बॅगवाले, मागं ढीगभर जागा आहे, मागं या. या की! पोरींच्यात काय चिकटलाय?" सगळी बस हसायची. असल्या माणसाला मार चालतो, हसलेलं चालत नाही. पुढच्याच स्टॉपला उतरायचा.

चहाटळ
मास्तर, तुम्हाला माझ्याकडून आयुष्यभराचा पास. (सुटे पैसे मात्र मागू नका.)

मोरपंखी
हसलेलं चालत नाही, हे अगदी. पण हसणं त्याच्यावर असलं पाहिजे. आमच्या डब्यात पोरं हसायची ती आमच्याकडे बघून.

तोक्योकर
इथे जपानमध्ये याला एक शब्दच आहे, चिकान. आधी वाटायचं, इतकी शिस्तीची माणसं. पण गर्दीच्या लाइनवर सकाळी ठरावीक डबे फक्त बायकांचे असतात. नव्या कल्पनेतून आलेलं नाही हे, 1912 सालीही तोक्योत शाळेच्या मुलींसाठी वेगळे डबे जोडून बघितले होते.

तोक्यो पोलिसांचं एक ॲप आहे. बटण दाबलं की मोबाइल मोठ्याने म्हणतो, "यामेते कुदासाई", म्हणजे थांबवा. आणि ओरडायचं नसेल तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरात येतं, "इथे चिकान आहे, मदत करा." ते शेजारच्या माणसाला दाखवायचं. माझ्या सहकारी मुलीने एकदा दाखवलं. शेजारच्या बाईने वाचलं, मान हलवली आणि फक्त जागा बदलून तिच्या मागे उभी राहिली. इथल्या पद्धतीने सगळं आवाज न करता. तर घाटमाथांचा प्रश्न जपानी लोकांनाही पडलेला आहे.

कर्जत फास्ट
लेडीज डब्यावर सगळ्यांची भिस्त दिसतेय म्हणून लिहिते. पहिली लेडीज स्पेशल 5 मे 1992 ला चर्चगेट-बोरिवली सुटली, माझी आई त्या आठवड्यातच तिने गेली होती. अख्खी गाडी आपली! मिठाई वाटली म्हणे. पण गाडीत चढेपर्यंतचं काय? पूल, जिना, तिकिटाची रांग, शेअर रिक्षा. लेडीज डब्याच्या दाराशी गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवरून हात मारून पळणारी कार्टी विसरलात का? आणि आता 'लेडीजमध्ये जायचं ना' हे उत्तरच झालंय. डबा आमच्यासाठी केला की बाकीच्या गाडीची मालकी तुमची?

स्लो लोकल
आणि लेडीज डबा म्हणजे स्वर्ग असं समजणाऱ्यांनी बदलापूरच्या बायका कल्याणच्या बाईला दारात उभं कसं करतात ते बघावं. बायकोकडून साभार.

कर्जत फास्ट
@स्लो लोकल, कल्याणच्या बाईने कल्याणच्या गाडीत बसावं! (आणि तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर हक्क सांगू नये.)

मोरपंखी
हे मात्र खरं. आमच्या ग्रुपने एकीचं डोहाळजेवण डब्यात केलं होतं, हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी सगळं ठाण्याच्या आत आटपलं. पण परक्या बाईला बसायला जागा? छे!

सहनशील
धागा हसण्यावर आलाय, तरी लिहितो. हा आयडी आजच काढलाय.

मी तेरा वर्षांचा होतो, क्लासला लोकलने जायचो. मुलगा आहे म्हणून जनरलमध्ये. वर्षभरात दोन वेगवेगळ्या माणसांनी गर्दीत हात लावला. तेव्हा मला शब्दच माहीत नव्हता. मुलींच्या बाबतीत होतं ते मुलाच्या बाबतीतही होतं का, हे कोणाला विचारणार? घरी सांगितलं, गर्दी असते, रिक्षाने जातो. बाबा म्हणाले, पुरुषासारखा पुरुष आणि गर्दीला घाबरतो? त्यांचा दोष नाही, मी पूर्ण सांगितलंच नव्हतं.

आज चाळीस आहे. घाटमाथा, तुम्हाला ते पाच मिनिटं दिसलं नाही. मला पहिल्या सेकंदाला दिसतं, डब्यात कुठेही असो. आणि तरी माझे पाय हलत नाहीत. दोन-तीनदा हलले, बाकी वेळा नाही.

काळा कोट
सहनशील, लिहिलंत हे बरं केलंत. 74 कलम फक्त स्त्रियांबाबत आहे, पण अठरा वर्षांखालील मुलाला पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू होतो, मुलगा असो की मुलगी. कोणाच्या घरी असा मुलगा असेल तर हे माहीत असू द्या.

आज्जीचा बटवा
बाळा, माझ्या नातवालाही मी आज विचारणार आहे. आजवर फक्त नातीला विचारत होते.

निवांत बापू
सहनशील, वाचून गप्प झालो. माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आज गाडीत हात वर करून उभा असताना खाली बघितलं. पहिल्यांदाच.

कैरीफोड
बापू, आता ठाणा आलं का विचारायला शिका.

घाटमाथा
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

परवा पुन्हा. बस तीच, माणूस वेगळा, बाई तिशीतली. यावेळी मोरपंखीताईंचा ब्रेकचा नियम लावून बघितला, दोन सिग्नल थांबलो. खात्री झाली. मग "काका, पुढच्या स्टॉपला उतरणार का?" म्हणत मध्ये घुसलो. पंचमास्तरांसारखा आवाज निघाला नाही, चिरका निघाला.

त्या माणसाने मला झापलं. "धक्के काय मारतो रे? शिकले-सवरलेले दिसता आणि गर्दीत कसं उभं राहायचं कळत नाही?" आणि गंमत बघा, बस त्याच्या बाजूने! एक आजोबा म्हणाले, "एवढी घाई असेल तर रिक्षाने जावं माणसाने." मी घामाघूम होऊन तिथेच उभा राहिलो, सॅक पोटाशी धरून, दोघांच्या मध्ये. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, कानात इअरफोन घातले. मी मध्ये का आलो ते त्यांना कळलं, का मीही तसलाच वाटलो, कोणास ठाऊक.

पंचमास्तर
आवाज सरावाने येतो. जमलं.

चहाटळ
रिक्षाचे पैसे वर्गणी काढून देऊ. पण आजोबांना नको.

मोरपंखी
त्या बाई मध्येच उतरल्या का हो?

घाटमाथा
नाही. मी उतरलो तेव्हा त्या बसमध्येच होत्या.